इम्पॅक्ट गुंतवणुकीचा करार लिहिताना या चुका टाळा

इम्पॅक्ट गुंतवणूक म्हणजे परताव्यासोबत मोजता येईल असा सामाजिक फायदाही साधू पाहणारी गुंतवणूक. आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या वर्गात मी तिच्यावर दरवर्षी एकच काम देते. पिण्याचं पाणी शुद्ध करणारी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीला परदेशी फंड कर्ज देतोय, करार लिहा. बहुतेक मसुदे एकाच जागी अडखळतात. सामाजिक हेतू प्रस्तावनेत भरभरून लिहिलेला असतो आणि पुढच्या सगळ्या कलमांत फक्त पैसा. प्रस्तावना अर्थ लावायला उपयोगी पडते, पण तिच्यामुळे सहसा कुणी बांधलं जात नाही.

हेतू कलमात आणला तरी तो असा येतो: ‘कंपनी समाजहितासाठी सर्वतोपरी प्रयत्न करील.’ हे वाक्य फळ्यावर लिहून मी विचारते, कंपनीने हे मोडलं असं सिद्ध कसं कराल? मग तेच आम्ही नव्याने लिहितो: ‘आर्थिक वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत कंपनी चालू यंत्रांची संख्या, त्यांचं पाणी वापरणारी कुटुंबं आणि बंद यंत्रांची कारणं लेखी कळवील. त्रयस्थ तपासनीस ती पडताळील, खर्च फंड करील.’ खर्चाचे ते तीन शब्द गाळले की पडताळणी कागदावरच राहते. निर्देशक, म्हणजे परिणाम मोजायची मापं, घरी बसून घडवू नका. आयरिस प्लस ही अशा मापांची तयार यादी सर्वांना खुली आहे. आणि आजची आकडेवारी सही होण्याआधी परिशिष्टात नोंदवा, नाहीतर फरक कशाशी ताडून पाहणार?

लक्ष्य चुकलं की सगळं कर्ज एकदम परत मागायचं, हे कलम विद्यार्थ्यांना फार आवडतं. मला ते घातक वाटतं. कंपनी बुडाली तर पाणी बंद होतं ते त्याच कुटुंबांचं. आधी सुधारणेचा आराखडा मागा, लक्ष्य गाठल्यास व्याजदर थोडा उतरवा. कर्ज परत मागण्याचा हक्क खोटा अहवाल किंवा पैसा दुसरीकडे वळवणं, अशा गोष्टींसाठी राखून ठेवा.

कर्ज डॉलरमध्ये आणि कमाई स्थानिक चलनात असेल, तर विनिमय दराचा धोका कुणाचा, हेही लिहा.

यंत्रं परदेशातून घेताना ‘फ्रान्सचा कायदा लागू’ एवढंच लिहिलं, तर मालविक्रीबद्दलचा १९८० चा व्हिएन्ना करारही त्यासोबत येतो. नको असेल तर नाव घेऊन वगळा.

वादाचं कलम बहुधा शेवटच्या रात्री जुन्या करारातून उचललेलं असतं. एका मसुद्यात लवाद, म्हणजे न्यायालयाऐवजी पंचांकडून निवाडा, लंडनला होता आणि दोन पानांनंतर पॅरिसच्या न्यायालयांना अनन्य अधिकार. अशाने दाद कुठे मागायची यावरच महिने जातात. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा १७० हून अधिक देशांत अंमलात आणता येतो. ही सोय दोन विसंगत ओळींपायी घालवू नका. लवादाचं कायदेशीर स्थान, नियम, भाषा आणि पंचांची संख्या लिहा, आणि न्यायालयांचं ते उसनं कलम खोडून टाका.