रोजनिशीतली कोरी पाने

रोजनिशीचा संकल्प आळसामुळे मोडतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण माझ्या कपाटातल्या तीन जुन्या डायऱ्या वेगळेच सांगतात. तिन्हींची पहिली दहा-बारा पाने शाईच्या पेनाने, समास आखून, एकही खाडाखोड न करता लिहिलेली आहेत. मग संक्रांतीच्या गडबडीत एक दिवस राहून गेला, ते कोरे पान डोळ्यांत खुपू लागले आणि ‘आता पुढच्या वर्षीच नीट सुरुवात करू’ म्हणून सगळी डायरीच मिटली. आळशी माणसाने समास आखले नसते.

तेव्हा तारखा छापलेली डायरी घेऊच नये. साधी दोनशेपानी वही घ्यावी आणि तारीख स्वतः घालावी, म्हणजे १३ नंतर थेट १७ तारीख आली तरी मध्ये कोरे पान उरत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अगदी वाईट दिवशीही जमेल एवढे किमान माप आधीच ठरवून ठेवावे. माझे माप एका ओळीचे आहे. ‘आज पाणी उशिरा आले, दिवसभर डोके दुखत होते’ एवढे लिहिले की त्या दिवसाचे लेखन पूर्ण झाले असे धरावे. हात चालेल त्या दिवशी दोन पाने खुशाल लिहावीत, मात्र दुसऱ्या दिवशी माप पुन्हा एका ओळीवर आणावे. काटेकोर माणूस फसतो तो इथेच, कारण चांगल्या दिवसाचे माप तो रोजचे म्हणून धरून बसतो. लिहिण्याची वेळ घड्याळापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला जोडावी. माझी वही अंथरूण घालून झाल्यावर उघडते.

एवढे करूनही खाडा पडेलच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींची १२ आठवडे नोंद ठेवली. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात, त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून, सवय अंगवळणी पडण्याचा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा निघाला (‘२१ दिवसांत सवय लागते’ हा लाडका नियम इथेच निकालात निघतो), आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही, असेही दिसले. म्हणून चुकलेल्या दिवसांची भरपाई करू नये. चार दिवसांचे थकलेले लेखन एका रात्रीत उरकायला बसलेला माणूस पाचव्या दिवशी वहीकडे फिरकत नाही. सोमवार, पहिली तारीख किंवा पाडवा यांची वाट न पाहता, आठवण होईल त्याच रात्री आजची तारीख घालून एक ओळ लिहावी. मधल्या दिवसांबद्दल स्पष्टीकरणही देऊ नये.

आणि नवी वही आणली की पहिल्या पानावर दुधाचा हिशेब लिहून ते पान मुद्दाम बिघडवावे. मी गेल्या वहीपासून तसेच करतो.