भुकेल्या हेडफोनसाठी ॲम्प घेताना आधी व्होल्ट काढा

ॲम्पच्या (हेडफोनला जास्त ताकद पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला असतो वॅटचा आकडा, आणि घेणारा बहुतेक वेळा त्यावरच भाळतो. माझं रोजचं काम ध्वनिमुद्रण संपादनाचं, त्यामुळे ओळखीतले लोक खरेदीआधी मला विचारतात. मी त्यांना उलट विचारते, तुमच्या हेडफोनला व्होल्ट किती लागतात आणि करंट किती? एवढं कळलं की निम्मे ॲम्प यादीतून आपोआप गळतात आणि बरेचदा चार-पाच हजार रुपये वाचतात.

बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घ्या, २५० ओहमचा. कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आकडे सापडतात: इम्पिडन्स (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) २५० ओहम, आणि १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आवाज. आपलं लक्ष्य ठेवायचं ११० डेसिबल, म्हणजे १४ डेसिबल जास्त. दर १० डेसिबलला शक्ती दहापट लागते, त्या हिशेबाने १४ डेसिबलला साधारण २५ पट. म्हणजे २५ मिलिवॅट. आता ०.०२५ वॅटला २५० ने गुणा आणि वर्गमूळ काढा: अडीच व्होल्ट. त्याला २५० ने भागलं की करंट १० मिलिअँपिअर. झालं गणित.

तेच हायफायमनच्या एचई-६ साठी करून बघा. इम्पिडन्स फक्त ५० ओहम, पण १ मिलिवॅटला आवाज अवघा ८३.५ डेसिबल. लागतात जवळजवळ ४५० मिलिवॅट, पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर. ओहम कमी असूनही हा हेडफोन कितीतरी जास्त खादाड निघाला. ओहम जास्त म्हणजे चालवायला जड, हा समज इथेच सोडून द्या.

११० डेसिबल ऐकायला कशाला, असं कुणीही विचारेल. ऐकायचे नाहीतच. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते, आणि मी ती कसोशीने पाळते. पण तबल्याची थाप सरासरी आवाजाच्या वीस-पंचवीस डेसिबल वर उसळते. शिवाय जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं मुळातच हळू असतात. विलंबित आलाप नीट ऐकू यावा म्हणून नॉब वर न्यावा लागतो आणि द्रुत आल्यावर ॲम्पची खरी परीक्षा होते. त्यातून तुम्ही इक्वलायझरवर खर्ज ६ डेसिबल वाढवणार असाल तर मूळ पातळी ६ डेसिबल खाली आणावी लागते, नाहीतर आवाज फाटतो. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट. मघाचे अडीच व्होल्ट थेट पाचवर गेले.

माहितीपत्रक वाचताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. काही कंपन्या आवाज १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. सेनहायझरच्या एचडी ६५० चे १०३ डेसिबल हे १ व्होल्टचे आहेत. मिलिवॅटच्या हिशेबात तेच ९८ च्या आसपास येतात. ३२ ओहमच्या हेडफोनला तर हा फरक १५ डेसिबलचा पडतो. नुसतं डेसिबल लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर खरेदी ठरवू नका.

आता खरेदी. पहिली पायरी डोंगलची, म्हणजे फोन-लॅपटॉपला लावून त्यात हेडफोनची पिन घालायच्या छोट्या जोडणीची. ॲपलचा साधा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो, जरा बरे डोंगल २ व्होल्ट देतात. २ व्होल्टवर डीटी ९९० प्रो १०८ डेसिबलपर्यंत जातो. तुमच्याकडचं सगळ्यात हळू मुद्रण लावा, आवाज पूर्ण वाढवा. पुरेसा वाटला तर ॲम्प घेऊच नका, ते पैसे इअरपॅडसाठी ठेवा. ॲपलचा डोंगल काही अँड्रॉइड फोनवर पूर्ण आवाज देत नाही, म्हणून ही चाचणी लॅपटॉपवर करा.

कमी पडलंच तर ॲम्पच्या माहितीपत्रकात ३०० ओहमची ओळ शोधा. ३२ ओहमला १००० मिलिवॅट ऐकायला भरघोस वाटतं, पण ते साडेपाच-पावणेसहा व्होल्ट झाले. ३०० ओहमला त्याचे शंभरच्या थोडे वर मिलिवॅट उरतात. डीटी ९९० ला तेही भरपूर, हे खरं. बॅलन्स्ड जॅकवर (जिथे डाव्या-उजव्या बाजूच्या तारा पूर्ण वेगळ्या असतात) व्होल्टेज बहुधा दुप्पट मिळतं, पण त्यासाठी वेगळी केबल लागते आणि गरज नसेल तर आवाजात काही भर पडत नाही. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी हवा. ट्रान्सफॉर्मर नसलेले स्वस्त ट्यूब ॲम्प ३०० ओहमला छान जुळतात, पण एचई-६ सारख्या प्लेनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनला लावायचे नाहीत. त्याला लागणारा करंट ते देऊ शकत नाहीत.

गेनचं, म्हणजे ॲम्पने सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारं, बटण असलेलाच ॲम्प घ्या. हाय गेनवर नॉब अगदी तळाशी ठेवून ऐकलं की स्वस्त पोटेन्शिओमीटरमुळे (नॉबमागच्या आवाज कमीजास्त करणाऱ्या भागामुळे) एका कानाला आवाज जास्त येतो. लो गेनवर नॉब मध्यापर्यंत नेता येतो आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. डोंगलमधून ॲम्पला जोडत असाल तर डोंगलचा आवाज पूर्ण ठेवून कमीजास्त ॲम्पवर करा.

अमेरिकेतल्या भाचीकडून ॲम्प मागवणार असाल तर ॲडॉप्टरवर लक्ष द्या. जेडीएस लॅब्ज, शिट, टॉपिंग यांच्या अनेक छोट्या ॲम्पना पंधरा-सोळा व्होल्टचा एसी पुरवठा लागतो. तिथला ॲडॉप्टर ११५ व्होल्टचा. आपल्या २३० वर लावला की जळालाच. आणि घरातला डीसी ॲडॉप्टर, पिन बसली तरी, चालत नाही. ॲम्पवर छापलेले व्होल्ट आणि मिलिअँपिअर लिहून घेऊन मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जा आणि आउटपुटला स्पष्ट एसी लिहिलेलाच ॲडॉप्टर मागा. घरी आल्यावर गाणं न लावता नॉब हळूहळू वाढवून ऐका. घुमल्यासारखा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढा. लगेच थांबला तर ॲम्पचा दोष नाही, ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला करंट) आहे, दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन बघा. नाही थांबला तर परतीची मुदत संपायच्या आत ॲम्प परत करा.