दात पडला, तुटला, ठणकू लागला : दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत पालकांनी काय करावे

मुलाचा पक्का दात मार लागून मुळासकट बाहेर आला, तर पहिल्या अर्ध्या तासातच त्या दाताचे भवितव्य बहुतांशी ठरून जाते. त्या वेळी मुलाजवळ डॉक्टर नसतात. आई असते, आजोबा असतात, पी.टी.चे शिक्षक असतात, नाहीतर सोसायटीच्या आवारात खेळणारी बाकीची मुले असतात. म्हणून पुढील माहिती प्रसंग येण्यापूर्वीच वाचून ठेवलेली बरी.

तोंडाला मार लागल्यावर दाताकडे पाहण्याआधी मुलाकडे पाहावे. मूल क्षणभर का होईना बेशुद्ध झाले असेल, पुन्हा पुन्हा उलट्या करत असेल, गुंगीत जात असेल, त्याच्या कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येत असेल, किंवा तोंड मिटताना वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नसतील, तर दाताचा विचार मागे ठेवून थेट रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दात कुठेच सापडत नसेल आणि मुलाला सारखा ठसका लागत असेल किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दात श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता धरावी आणि तसे रुग्णालयात पोहोचताच सांगावे.

तोंडातून येणारे रक्त लाळेत मिसळल्यामुळे आहे त्यापेक्षा खूपच जास्त दिसते. स्वच्छ सुती कापडाची घडी थंड पाण्यात भिजवून, पिळून, रक्त येते त्या जागी दहा मिनिटे दाबून धरावी, आणि ही दहा मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलण्याचा मोह कुणालाच आवरत नाही आणि तेवढ्यात धरलेली गुठळी सुटते. चालायला शिकणारी मुले पडली की वरचा ओठ हिरडीला जोडणारा आतला पातळ पडदा अनेकदा फाटतो. रक्त घाबरवण्याइतके येते, परंतु ते बहुधा नुसत्या दाबानेच थांबते आणि टाके क्वचितच लागतात.

मुळासकट बाहेर आलेला दात

पहिला प्रश्न असा, की दात दुधाचा आहे की पक्का. खालचे पुढचे पक्के दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी आणि वरचे सातव्या-आठव्या वर्षी येतात. सर्वांत जास्त मार वरच्या पुढच्या दोन दातांना बसतो. ते पाच वर्षांच्या मुलाचे असतील तर दुधाचे आणि दहा वर्षांच्या मुलाचे असतील तर पक्के, हे वयावरूनच कळते. घोटाळा होतो तो सात-आठ वर्षांच्या मुलांत. अशा वेळी दात नीट पाहावा. पक्का दात रुंद, दुधाच्या दातांशेजारी थोडा पिवळसर, आणि नुकताच आलेला असेल तर कडेला करवतीसारखा दातेरी असतो. दुधाचा दात लहान आणि पांढराशुभ्र असतो. तो वय झाल्यावर आपोआप पडलेला असेल तर त्याचे मूळ झिजून गेलेले असते आणि खालून तो टोपीसारखा पोकळ दिसतो.

दुधाचा दात पुन्हा बसवू नये. त्याच्या मुळाशीच पक्क्या दाताचा अंकुर असतो आणि दात आत ढकलताना त्याला इजा होऊ शकते. मुलाला दंतवैद्याला दाखवावे, परंतु जिवाच्या आकांताने धावण्याची गरज नाही.

पक्का दात मात्र शोधलाच पाहिजे. पडलेला दात कौलांवर भिरकावण्याची किंवा उंदराच्या बिळात टाकून त्याच्याकडे नवा दात मागण्याची आपली रीत दुधाच्या दातांपुरती ठीक आहे. पक्क्या दाताच्या बदल्यात उंदीर काही देत नाही. सापडलेला दात एरवी तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरूनच उचलावा, मुळाला बोट लावू नये. दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या जिवंत तंतूंचा पातळ थर मुळावर चिकटलेला असतो. कोरड्या हवेत तो अर्ध्या तासात बराचसा आणि तासाभरात जवळजवळ पूर्ण मरतो. घरोघरी नेमके उलटे होते: घाबरलेली आई दात बेसिनच्या नळाखाली धरून, बोटांनी चोळून लख्ख करते, वर जंतुनाशकाचे चार थेंब टाकते, कोरड्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळते आणि वडील ती पुडी शर्टाच्या खिशात ठेवतात. यातली प्रत्येक कृती मायेने केलेली असते आणि प्रत्येकीने दाताचे नुकसान होते.

दाताला माती लागली असेल, तर थंड दुधाने किंवा नळाच्या बारीक धारेखाली फार तर दहा सेकंद धुवावा आणि लगेच खोबणीत परत बसवावा. दाताची बाहेरची बाजू किंचित फुगीर आणि आतली थोडी खोलगट असते, हे शेजारच्या दाताकडे पाहून ताडता येते. बोटाच्या हलक्या दाबाने दात सरकत आत जातो. अडला तर जोर करू नये. बसल्यावर मुलाला रुमालाची घडी हलकेच चावून धरायला सांगावे आणि निघावे. हे काम घरातल्या सर्वांत शांत माणसाने करावे. मुलाला हृदयविकार असेल किंवा त्याच्यावर कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर दात स्वतः न बसवता दुधात ठेवून डॉक्टरांचा निर्णय घ्यावा.

बसवणे जमले नाही, तर दात ओला ठेवणे हेच काम उरते. त्यासाठी सहज मिळणारी वस्तू म्हणजे दूध, पण ते थंड आणि न तापवलेले हवे. चहाच्या टपरीवर मागायचे झाल्यास पातेल्यातले उकळते दूध न घेता न फोडलेली पिशवी मागावी आणि छोट्या स्टीलच्या डब्यात दात पूर्ण बुडेल एवढे ओतावे. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवलेले ओआरएसही चालते. स्वयंपाकघरातील पारदर्शक प्लास्टिक फिल्ममध्ये दात घट्ट गुंडाळल्यासही तो सुकत नाही. यातले काहीच नसेल, तर डबीत मुलाला थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवावा. लहान मूल तो गिळण्याची भीती असल्याने त्याच्या तोंडात ठेवायला देऊ नये. साध्या पाण्यात मुळावरच्या पेशी फुगून फुटतात, त्यामुळे पाणी हा अगदी शेवटचा पर्याय समजावा. तरीही कोरडा राहण्यापेक्षा दात पाण्यात राहिलेला बरा.

तास उलटून गेला, तरी दात घेऊनच जावे. वाढत्या वयात तिथल्या हाडाची उंची टिकावी म्हणून असा दातही बसवण्याचा निर्णय दंतवैद्य घेऊ शकतात. बसवलेला दात शेजारच्या दातांना बारीक लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. मुळाची वाढ पूर्ण झाली असेल तर याच काळात रूट कॅनाल सुरू करतात, आणि मुळाचे टोक अजून उघडे असेल तर नस पुन्हा जगते का याची वाट पाहतात. धनुर्वाताची लस केव्हा दिली होती हे विचारले जाईल, म्हणून लसीकरणाचे कार्ड बरोबर असावे.

तुटलेला किंवा जागचा हललेला दात

तुटलेला तुकडा दुधात किंवा पाण्यात घालून न्यावा. तो पुष्कळदा पुन्हा चिकटवता येतो. तुकडा सापडत नसेल आणि ओठ फाटून सुजला असेल, तर तो ओठातच रुतलेला असू शकतो, ही शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी. तुटलेल्या जागी गुलाबी ठिपका किंवा रक्त दिसले, तर नस उघडी पडली आहे असे समजून त्याच दिवशी जावे. मागे-पुढे सरकलेला पक्का दातही त्याच दिवशी दाखवावा. हिरडीत घुसलेला दुधाचा दात ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तो अनेकदा काही महिन्यांत आपोआप खाली येतो. मार लागलेला दुधाचा दात काही आठवड्यांनी राखाडी पडला, तर घाबरण्याचे कारण नाही, परंतु वरच्या हिरडीवर पुळी आली तर तिथे पू झाला आहे.

रात्री ठणकणारी दाढ

आधी कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावावी आणि दातांच्या फटीत पेरूची बी किंवा शेंगदाण्याचा तुकडा अडकला असेल तर फ्लॉसने काढावा. कित्येकदा दुखणे एवढ्यावरच निभावते. नाही थांबले तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यावे: एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. सिरपच्या बाटल्या कमी-अधिक तीव्रतेच्या मिळतात, म्हणून लेबल वाचूनच मिलिलिटर ठरवावे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. लवंगेच्या तेलाने कोवळी हिरडी भाजते आणि लहान मुलाच्या पोटात ते गेले तर विषारी ठरते. दुखऱ्या दाढेवर मशेरी लावण्याचा सल्ला कुणी वडीलधाऱ्याने दिला, तर तो नम्रपणे पण ठामपणे नाकारावा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे.

गाल सुजला असेल तर शेकू नये, बाहेरून थंड पट्टी ठेवावी. घरात उरलेले प्रतिजैविक देऊ नये. सूज डोळ्यापर्यंत चढत असेल किंवा जबड्याखाली उतरत असेल, तोंड उघडत नसेल, लाळ गिळता येत नसेल किंवा मूल तापाने मलूल झाले असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे, कारण अशी सूज श्वासाचा मार्ग अडवू शकते. याउलट, ठणका एकाएकी थांबला म्हणून दाढ बरी झाली असे समजू नये. बहुधा नस मेलेली असते आणि संसर्ग आत चालूच असतो.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे आणि गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. जवळच्या दवाखान्यात फोन करताना मुलाचे वय, कोणता दात, किती वाजता पडला आणि आता कशात ठेवला आहे, एवढे सांगितले की तिथली माणसे तयारीत राहतात. उपचारानंतर दोन आठवडे वरणभात, खिमट असे मऊ अन्न द्यावे, मऊ ब्रशने दात घासणे चालूच ठेवावे आणि तपासणीच्या व एक्स-रेच्या तारखा चुकवू नयेत; मुळाची झीज सुरू झाली तर ती दुखत नाही, एक्स-रेतच दिसते.