खानावळ टाकायची म्हणताय? मग आधी मोरीपाशी उभं रहा

आमची कोल्हापुरात मटणाची खानावळ, शाळा सुटली की दप्तर गल्ल्याखाली टाकायचं आणि कामाला लागायचं, सगळ्या भावंडांचं बालपण असंच गेलं. त्यामुळं कुणी "मला पण हॉटेल टाकायचंय, काय काय लागतं" असं विचारलं की मी फर्निचर, मेनूकार्ड, इन्स्टाग्राम याच्यावर बोलतच नाही. आठ-पंधरा दिवस कुणाच्या तरी चालू खानावळीत मोरीपाशी उभं रहा म्हणतो, जिथं उष्टी ताटं येतात तिथं.

कारण गिऱ्हाईक तोंडावर खरं सांगत नाही. "जेवण कसं झालं?" विचारलं की "एक नंबर!" म्हणतंय, बडीशेप खातंय आणि परत कधी फिरकत नाही. ताट मात्र खोटं बोलत नाही. भात राहतोय म्हणजे वाढपी एकदम डोंगर वाढतोय, निम्मा वाढा आणि परत विचारा. भाकरीच्या कडा राहतायत म्हणजे भाकरी टेबलावर यायच्या आधीच गार पडलीय, थापणारीचा वेग आणि ऑर्डरी जुळत नाहीत. आणि सुक्कं राहिलं तर मात्र हातातलं काम सोडून आत जावा, पैसे देऊन घेतलेलं मटण कुणी उगाच टाकत नाही, फोड चिवट राहिलीय.

पांढऱ्या रश्श्याची वाटी अर्धी परत आली तर ती हातात घेऊन नीट बघा. वर तुपकट थर आणि खाली पाणी असं वेगळं दिसलं तर रस्सा फाटलाय. हे गर्दीच्या वेळी हमखास होतं, कारण नारळाचं दूध घातलेलं आख्खं पातेलं मोठ्या गॅसवर परत परत उकळलं जातं. यावर उपाय सोपा आहे, अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, मोठ्या पातेल्यात गरम ठेवायचं आणि पांढरा छोट्या पातेल्यात लागेल तसा करायचा, तीळ-खसखस-काजूचं वाटण आधी, दूध शेवटी, गॅस बारीक आणि पळी फिरवत रहायची. तांबड्याचं एवढं कौतुक करावं लागत नाही, तो उकळला तरी बिघडत नाही.

दुसरी गोष्ट कॅलेंडर. भिंतीवरचं तिथीवालं, मोबाईलमधलं नको. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे, सोमवार, गुरुवार, शनिवार थंड, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण नवीन माणूस फसतो तो रविवारी एकादशी किंवा संकष्टी आली की. नेहमीची ऑर्डर देऊन बसतो आणि संध्याकाळी मटण शिल्लक. आषाढातल्या शेवटच्या दिवसांत उभं रहायला जागा नसते आणि अमावस्या संपून श्रावण लागला की टेबलं रिकामी, म्हणून कामगारांच्या सुट्ट्या, रंगकाम, टाकी धुणं, शेगडी दुरुस्ती सगळं श्रावणात. त्या महिन्याचं भाडं आषाढातच बाजूला काढून ठेवायचं. नवरात्रात गावात अंबाबाईला भाविकांची रीघ असते पण ती गर्दी मटणाची नव्हे, शाकाहारी ताट जमत असेल तरच त्याचा फायदा.

आता गल्ला. घरच्या धंद्यात गल्ल्याला सगळ्यांचे हात लागतात, भाजीला घे, रिक्षाला घे, पोराच्या फीला घे, आणि महिनाअखेरीला "धंदा तर झाला, मग पैसे गेले कुठं" म्हणून घरात भांडणं. प्रत्येकानं चिठ्ठी टाकूनच पैसे घ्यायचे, बापानं सुद्धा. ऑनलाईन पेमेंटचा नुसता स्क्रीनशॉट बघून कुणाला सोडू नका, पैसे जमा झाले की आवाज देणारा डबा ठेवा.

आणि ज्यावर माझं घरात सगळ्यात जास्त वाजलंय ते म्हणजे आईच्या भाकऱ्या. ताटाचा हिशोब मांडताना मटण, खोबरं, गॅस, वाढप्याचा पगार सगळं धरतात आणि चुलीपुढं तासन् तास बसलेली बाई फुकट. मग ताट स्वस्त पडतंय असं वाटतं, खरं तर ते आईच्या कंबरेवर चाललेलं असतं, आणि ती आजारी पडली की बाहेरची बाई लावावी लागते तेव्हा कळतं की या दरात परवडतच नाही. बाहेरच्या बाईला भाकरीमागे काय द्यावं लागतं ते विचारा, तो आकडा पहिल्या दिवसापासून ताटात धरा आणि ते पैसे आईच्या खात्यावर टाका, हिशोबापुरते नव्हे, खरेच.

पोरांना कामाला लावायचं तर 2016 च्या कायदा दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालच्या मुलानं घरच्या धंद्यात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत केलेली चालते, पण तो धंदा धोकादायक कामांच्या यादीत नसेल तरच, म्हणून खानावळीचं काय ते आधी विचारून घ्या; शेजाऱ्याचं पोरगं मात्र ठेवता येत नाही. पाणी देणं, टेबल पुसणं, बिलाची बेरीज एवढंच सांगा. उकळत्या पातेल्याजवळ नको. आणि परीक्षेच्या दिवसांत तर अजिबात नको, मग बाप कितीही ओरडू दे.

बाकी एफएसएसएआय म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स सुरू करायच्या आधीच काढा. सिलेंडर 19 किलोचा कमर्शियलच, घरचा 14.2 किलोचा लावला तर कारवाई होते. आणि भरलेली एक टाकी कायम जादा ठेवा, एजन्सी रविवारी बंद असली तर अडचण, आणि आपली सगळ्यात जास्त गर्दी पण रविवारीच.