टेनिस स्ट्रिंगची तुलना करताय? या चुका टाळा

रॅकेटमधली जुनी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक तंतूंची मऊ स्ट्रिंग, थोडक्यात मल्टी) तुटली, त्या जागी पॉलिएस्टर (थोडक्यात पॉली) घालून घेतली आणि त्याच संध्याकाळी निकाल लागला: ‘पॉलीत कंट्रोल जबरदस्त आहे.’ गटिंगबद्दलची, म्हणजे रॅकेटला स्ट्रिंग बसवण्याबद्दलची, निम्मी मतं अशीच तयार होतात. इथे दोन स्ट्रिंगची तुलना झालेलीच नाही. कित्येक महिने सैल पडत गेलेल्या स्ट्रिंगला ताज्या, ताणलेल्या स्ट्रिंगशी लढवलं आणि जिंकला तो ताजेपणा.

सगळ्यांना एकच पाउंड

‘दोन्हीला 54 पाउंड टेन्शन (ताण) टाका, म्हणजे सारखं होईल’ हे ऐकायला रास्त वाटतं, पण पॉली मुळातच कडक असते. मल्टी 54 वर ज्या खेळाडूला छान वाटते, त्याला पॉली त्याच आकड्यावर फळीसारखी लागते आणि दोष स्ट्रिंगवर जातो. पॉलीला साधारण 10 टक्के कमी, म्हणजे 49 च्या आसपास टेन्शन द्या. चेंडू बाहेर जात असेल तर लगेच ‘पॉवर फार आहे’ म्हणू नका. टेन्शन कमी असलं की चेंडू रॅकेटवरून जरा वरच्या कोनात सुटतो, म्हणून लांब पडतो. आधी 2 पाउंड वाढवून बघा, मग मत बनवा.

मशीनही तेच हवं. क्रँकवालं लॉक-आउट मशीन ठरलेला ताण आला की ओढणं थांबवतं आणि क्लॅम्प लागेपर्यंत स्ट्रिंग थोडी सैलावते. इलेक्ट्रॉनिक मशीन तोवर ओढतच राहतं. त्यामुळे एका दुकानातले 52 दुसऱ्या दुकानातल्या 52 पेक्षा सैल निघतात. तुलनेसाठी घेतलेल्या दोन्ही रॅकेटचं गटिंग एकाच मशीनवर, एकाच माणसाकडून, एकाच दिवशी करून घ्या.

पहिल्या दिवसावरून निकाल

गटिंग झाल्यावर पहिल्या 24 तासांत प्रत्येक स्ट्रिंग ताण सोडते. पॉली सर्वांत जास्त सोडते, अनेकदा 10 टक्के किंवा त्याहूनही अधिक. नायलॉन (बहुतेक मल्टी यातच येतात) कमी आणि नॅचरल गट, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून बनवलेली स्ट्रिंग, सर्वांत कमी. म्हणून एक दिवस थांबा, मग खेळा. नंतर 5-6 तासांच्या खेळानंतर आणि 10-12 तासांनंतर पुन्हा तपासा. टिचकीच्या आवाजावरून टेन्शन सांगणारं मोबाइल ॲप इथे कामाला येतं. त्याचा आकडा तंतोतंत धरू नका, पण रोज त्याच ठिकाणी टिचकी मारलीत तर घसरण नीट कळते.

पॉलीची खरी मेख अशी की ती तुटायच्या बरीच आधी मरते. उभी मेन स्ट्रिंग चेंडू लागताना बाजूला सरकते आणि झटक्यात जागेवर येते. टॉपस्पिनला त्याचा मोठा हातभार लागतो. तपासायला मेन बोटाने बाजूला ओढून सोडा. नवी पॉली लगेच परत येते. येत नसेल तर आडव्या स्ट्रिंगच्या घर्षणाने खाचा पडल्या आहेत आणि ती कापायची वेळ झाली आहे. मल्टीला मात्र ही कसोटी लावू नका. तिच्या स्ट्रिंग नव्या असतानाही सरकून तशाच राहतात आणि बोटाने सरळ कराव्या लागतात. तिचं वय तंतू किती सुटलेत यावरून ओळखायचं.

जाडी, चेंडू, डॅम्पनर

पाकिटावरचा गेज (जाडीचा क्रमांक) न बघता मिलिमीटर बघा: 1.25 ची तुलना 1.25 शीच. 1.20 आणि 1.30 समोरासमोर ठेवलीत, तर जो फरक जाणवेल तो जाडीचाही असेल. चेंडू नव्या डब्यातले घ्या, कारण दाब गेलेल्या चेंडूने कुठलीही स्ट्रिंग मुर्दाड वाटते. डॅम्पनर (स्ट्रिंगमध्ये अडकवायचा रबराचा छोटा तुकडा) दोन्हीला लावा किंवा दोन्हीचा काढा. तो मनगटाचा धक्का जवळपास कमी करत नाही, फक्त टणत्कार बंद करतो. पण कान हाताला फसवतो. एकाच रॅकेटच्या मुठीवर जादा ओव्हरग्रिप (वरून गुंडाळायची पट्टी) असेल तर तीही काढा, 5-6 ग्रॅमचा फरक हाताला कळतो.

मग क्रॉसकोर्ट फोरहँड 20-20 मारा. सर्व्हिस लाइनच्या पलीकडे किती पडले, बाहेर किती गेले, ते लिहा. रॅकेट बदलून पुन्हा तेच. सर्व्ह आणि ब्लॉक व्हॉलीही (चेंडू टप्पा पडण्याआधी नुसती रॅकेट आडवी धरून परतवणं) घ्या, नाहीतर फक्त जोरदार फटक्यांना शोभणारी स्ट्रिंग निवडली जाते.

हायब्रिड उलटं बसवणं

हायब्रिडमध्ये, म्हणजे उभ्या (मेन) आणि आडव्या (क्रॉस) स्ट्रिंग वेगवेगळ्या प्रकारच्या असतात तेव्हा, स्वभाव मुख्यतः मेन ठरवतात. फेडररच्या रॅकेटमध्ये मेनला नॅचरल गट आणि क्रॉसला लक्सिलॉन कंपनीची पॉली असे. तुमच्या मेनला पॉली असेल तर तो सेटअप वेगळाच झाला, नाव काहीही द्या. नॅचरल गटची चाचणी मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात घेऊ नका. वरचं आवरण झिजलं की तंतू दमट हवा शोषतात आणि फुगून सुटतात. रॅकेट उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका, उष्णतेने टेन्शन उतरतं.

चाचणीच्या मध्येच कोपर दुखू लागलं तर ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका. पॉली काढून मल्टी घाला आणि टेन्शनही 2-3 पाउंड उतरवा.