हाकेला न येणारा कारवान

आमचा राजा कारवान जातीचा शिकारी कुत्रा, दहा महिन्यांचा. ससा दिसला की कान बंद, आणि मी बांधावर घसा कोरडा करत उभा. चूक माझीच. हाक मारायचो ती फक्त साखळीला बांधायला. मग येईल कशाला?

नावाची हाक सोडली, शिट्टी धरली. आधी अंगणात: शिट्टी, लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा, आणि पुन्हा मोकळा. मग रानात 10 मीटरची दोरी, छातीपट्ट्याला (गळ्याला नको, सुसाट सुटला की मानेला हिसका बसतो). आला नाही तर दुसरी शिट्टी नाही, दोरी गुंडाळत त्याच्यापर्यंत जायचं. उशिरा आला तरी रागवायचं नाही, हे मला फार जड गेलं.

तीन महिन्यांनी दोरी सुटली. कान टवकारताच शिट्टी दिली तर वळतो. एकदा धावला की अजून नाही.