हॉलमधली केळ पुन्हा तरारली
कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात बसराई या बुटक्या जातीची केळ लावली आहे. मार्चअखेर तिची पानं फिकी पडली, कडा करपल्या. पाणी कमी पडतंय असं वाटून रोज ओतत गेले, तर मातीलाच कुबट वास यायला लागला. मग पान उलटून पाहिलं. शिरेलगत बारीक जाळी, मिरपुडीसारखे हलणारे ठिपके. लाल कोळी, पानांतला रस शोषणारी बारीक कीड! पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यात पंख्याखाली, तो फोफावतोच.

ओल्या फडक्याने प्रत्येक पान खालून पुसलं. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण. दर ५ दिवसांनी संध्याकाळी फवारलं, तीनदा. कुंडी पूर्वेच्या खिडकीशी नेली. पाणी आता वरची बोटभर माती सुकल्यावरच. करपलेली पानं गेलीच, पण परवा नवी सुरळी उलगडली. किती कोवळी, पोपटी!